लक्ष्मम्माच्या हातची बांगडी

उमरग्याच्या बाजारात माझ्या सासूचं दुकान शोधायचं असेल तर लक्ष्मम्मा बळेगार म्हणून विचारू नका, कुणी सांगणार नाही. ‘जिच्या हातनं बांगडी वाढत न्हाय ती म्हातारी कुठं बसती?’ असं विचारा, लगेच आणून सोडतील. बांगडी फुटली असं आमच्या धंद्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. बाकीच्या दुकानांत भरताना डझनामागं एखादी वाढतेच, काच ती काच. पण मी लग्न होऊन आल्यापासून चार वर्षांत सासूच्या हातनं एक वाढलेली बघितली नाही. एकसुद्धा! पटत नसेल तर या आणि बघा, पण मला खोटारडी म्हणू नका. मला राग लवकर येतो.

मी कळंबची. धान्याच्या मोंढ्याला लागून आमचं घर, तिथं गाड्यांच्या आणि हमालांच्या कल्ल्यात बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं. आईबापानं हौसेनं श्रीदेवी नाव ठेवलं, पण गल्ली मला लवंगी म्हणायची. वात लावायचा अवकाश, की फुटले. नवरा मात्र नेमका उलटा मिळाला. शंभुलिंग हैदराबादहून माल आणतो, बायकोशी बोलताना शब्द मोजून बोलतो, आणि मी चिडले की हळूच चप्पल घालून बाहेर जातो.

माझं पहिलं लेकरू पाचव्या महिन्यात गेलं. बीपी वाढला होता आणि मला पत्ताच नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझा काही दोष नाही. त्यांनी म्हणून काय होतंय? दोन वर्षं मी रात्रंदिवस स्वतःला शिव्या घालत होते आणि वरून दुसऱ्यांनाही. गेल्या वर्षी पुन्हा दिवस गेले तेव्हा त्याच बाईंनी गोळ्या लिहून दिल्या, दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं आणि निघताना म्हणाल्या, “गोळी चुकवायची नाही, मीठ कमी, आणि डोकं शांत ठेवायचं.” डोकं शांत ठेवा! सांगायला काय जातंय? ते काय नळाचं पाणी आहे, चावी फिरवली की बंद?

दुकानाच्या खणात एक लाकडी डबी आहे, ती इथंच सांगून टाकते. आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक लेकराच्या हातात बाराव्या दिवशी काचेची एक काळी बांगडी घालतात, घटकाभर. मग काढून त्या डबीत ठेवतात. शंभुलिंगची आहे, नणंदेची आहे, वारलेल्या सासऱ्यांची, वीरप्पांचीसुद्धा आहे. एवढीशी काचेची बांगडी आता कुणी करत नाही. माझ्या पहिल्या वेळी सासूनं एका म्हाताऱ्या कारागिराच्या मागं लागून एक करून आणली होती. एकच. पुढं तो कारागीरही गेला. लेकरू गेल्यावर महिन्याभरानं खणात काही शोधताना मला ती दिसली, कापसात गुंडाळलेली, कुणीच न घातलेली. मी भर दुकानात किंचाळले, “फेकून द्या ती!” सासूनं डबी मिटली, परत खणात ठेवली आणि समोरच्या गिऱ्हाईकाला म्हणाली, “हिरव्या दाखवू का लाल?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, ह्या बाईला काळीज आहे का नाही?

काळीज होतं. पण ते मला कळायला वेळ लागला.

सासरे गेले तेव्हा सासू अठ्ठेचाळीसची. आधीच दमा, त्यात दुकान अंगावर पडलं. दोन पायऱ्या चढल्या की छाती भात्यासारखी वाजायची. पंप होता, गोळ्या होत्या. डॉक्टरच म्हणाले, जोडीला श्वासाचे व्यायाम करा. तेव्हा मठाच्या हॉलमध्ये उमाशंकर गुरुजी म्हणून शाळेतनं निवृत्त झालेले पीटीचे मास्तर सकाळी योगासनं शिकवायचे. सासू गेली. इरकली लुगडं नेसलेली एकटी तीच, बाकी सगळ्या पंजाबी ड्रेसवाल्या. पहिला महिनाभर तिला पाच आकड्यांपर्यंतसुद्धा श्वास सोडता यायचा नाही. गुरुजी म्हणाले, “लक्ष्मम्मा, तुम्हाला घेता येतंय, सोडता येत न्हाय.” तर ही म्हणाली, “मालक गेल्यापासनं मला काईच सोडता येत न्हाय, गुरुजी.” आणि तिथंच बसून रडली म्हणे, नवरा गेल्यावर पहिल्यांदा.

त्याला सतरा वर्षं झाली. अजून पहाटे आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ती डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन बसते. हात डोळ्यांच्या समोर, नजर त्यावर, आणि हात हलत नाही. मी सांगते, तेवढा वेळ नुसता हात धरून बघा, खांदा गळून पडंल. पूजा झाली की दुकानाचं शटर अर्धं वर करून आतल्या फरशीवर सतरंजी घालते, लुगड्याचा काचा मारते आणि पासष्टीची बाई सूर्यनमस्कार घालते. मग मांडी घालून श्वास. पंप अजून खणात आहे, डॉक्टरकडं ती अजून जाते, पण पंपाची गरज सणावारासारखी कधीतरी पडते.

आणि ह्यातनंच तिला ती बांगडीची गोष्ट सापडली. बांगडी भरताना अडतं कुठं, तर अंगठ्याखालच्या हाडावर. तिथं बाई भिते, श्वास धरून ठेवते, हात आखडतो. भरणारी जोर लावते आणि काच वाढते. सासू जोर लावतच नाही. हात आपल्या हातात घेते, बांगडी हाडापाशी आणून थांबते आणि म्हणते, “उसिरु बिडु.” कानडीत म्हणजे श्वास सोड. बाई कानडी समजणारी असो का नसो, ती ऐकते. श्वास निघतो, खांदा खाली येतो, हात लोण्यासारखा होतो, आणि श्वासाच्या अगदी शेवटाला बांगडी पलीकडं गेलेली असते. बाईला कळतसुद्धा नाही. कितीतरी बायका विचारतात, “घातली व्हय?”

मी हे सगळं रोज बघत होते आणि रोज नाक मुरडत होते. योगा म्हणलं की मला आमच्या शाळेचं मैदान आठवायचं. वर्षातनं एकदा गावचे पुढारी पांढरे बनियन घालून, सतरंजीवर पोटं सावरत फोटो काढायचे, आणि फोटो झाला की समोसे खायचे. त्यानं कुणाचं काय भलं झालं? सासूनं दोनदा विचारलं, “सकाळी बसतीस का माझ्याजवळ? वाकायचं न्हाय, वळायचं न्हाय, नुसता श्वास.” मी म्हणलं, “अव्वा, मला लई कामं हायेत.” काम काय, तर भांडी आपटायची.

मग सातव्या महिन्यात ते घडलं. लग्नसराई होती. सासू चुडा भरायला तुगावला गेलेली, शंभुलिंग हैदराबादला. दुकानात मी एकटी आणि समोर नवरी, आरोही नावाची, संध्याकाळी हळद असलेली. सोबत तिची आत्या. आत्या सारखी घड्याळ दाखवत होती, “लवकर आटपा, लवकर आटपा.” आरोहीचा हात थंडगार आणि मूठ गच्च. मी म्हणलं, हात ढिला सोड. ती सोडेना. पुन्हा म्हणलं. आत्या म्हणाली, “सासूला येतं, सुनंला न्हाय येत वाटतं.” झालं! वात पेटली. मी मूठ दाबली आणि जोर लावला. एकदम तीन बांगड्या वाढल्या, आणि एक तुकडा पोरीच्या मनगटात घुसला.

हिरव्या काचेवर रक्त. लग्नाच्या आदल्या दिवशी! आत्यानं बाजार डोक्यावर घेतला, अपशकुन झाला म्हणून छाती बडवायला लागली. माफी मागायची सोडून मीपण भांडले. काय काय बोलले आता आठवत नाही, एवढंच आठवतं, की डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मी बांगड्यांचा खोका धरून खाली बसले.

सासू तेवढ्यात रिक्षातनं उतरली. तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावला, पाणी दिलं, शेजारच्या दुकानदाराला मला दवाखान्यात न्यायला सांगितलं. मग आरोहीची जखम धुतली, पट्टी बांधली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसली. मला उठवून नेताना मी दारातनं वळून बघितलं. ती मघाची आत्या पाण्याचा तांब्या धरून उभी होती आणि आरोही डोळे मिटून लांब श्वास सोडत होती. मागनं कळलं, दोन्ही हातांत पूर्ण चुडा भरला, एकही वाढली नाही, आणि जाताना आत्यानंच सासूच्या पायाला हात लावला.

दवाखान्यात बीपी एकशे साठ. गोळी वाढवली, रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या, “असंच राहिलं तर बाळाला धोका आहे, तुलाही आहे.” घरी आल्यावर मी वाट बघत होते, की सासू आता बोलेल. बोल की! शिव्या दे! ती रात्री माझ्या पायांना तेल लावत बसली आणि एवढंच म्हणाली, “बांगडी वाढली तर दुसरी हाय, श्रीदेवी.” मग तेलाचा हात पुसून माझ्या पोटावर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याजवळ बसायला लागले. भीतीनं बसले, भक्तीनं नाही. आणि खरं सांगते, मला जमलं नाही. डोळे मिटले की मोंढा सुरू. भाजी काय करायची, आत्या काय म्हणाली, तिला काय उत्तर द्यायला पाहिजे होतं. गोळ्या मात्र एक चुकवली नाही. दिवसभर दुकानात सासूशेजारी बसायचे, बांगड्या काढून द्यायचे, आणि दिवसातनं चाळीस वेळा ‘उसिरु बिडु’ ऐकायचे. बीपी खाली आला, पण टांगती तलवार होतीच.

नववा भरत आला तसं एका सकाळी पोटात कळ आली. सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा आठ वाजले होते. सासूला बाहेरच्या बाकावर बसवलं, मला आत घेतलं. आत एक तरुण सिस्टर होती, अर्पिता. दर अर्ध्या तासानं बीपी बघायची आणि आकडा बघून तिच्या कपाळाला आठी पडायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून चढला तर लातूरला न्यावं लागेल. मी तर घाबरून, चिडून, दात खाऊन जोर लावत होते. मला दुसरं येतच काय होतं? सिस्टर म्हणाली, आत्ताच जोर नको. तरी मी लावला. तिलाही बोलले, “तुला काय कळतंय, तुला व्हायचंय का?” ती चिडली नाही.

दुपारी बाराच्या पुढं सिस्टरचा आवाज बदलला. “डोकं दिसतंय. आता अजिबात जोर लावू नका, ताई. अजिबात नाही.” जोर नको! सगळं अंग ढकला म्हणून ओरडतंय आणि ही म्हणते नको. मी श्वास गच्च धरला, मुठी वळल्या. तेव्हा तिनं माझी मूठ आपल्या हातात घेतली, माझ्या तोंडाजवळ वाकली आणि हळू म्हणाली,

“उसिरु बिडु.”

मी डोळे उघडले. ही पोरगी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची. बोलण्यावरनं कळत होतं, कानडीचा वारासुद्धा लागलेला नाही. तिच्या तोंडी माझ्या सासूचे शब्द! तेच शब्द, तोच सूर, शेवटाला आवाज खाली सोडायची तीच लकब. मला वाटलं अव्वा आत आली. आणि माझ्या अंगानं, मला न विचारता, श्वास सोडला. चाळीस वेळा रोज ऐकलेलं ते कुठंतरी आत साठून बसलं होतं. खांदे खाली आले. मुठी सुटल्या. पुन्हा ती म्हणाली, पुन्हा मी सोडला, लांब, अगदी शेवटापर्यंत. हाडाच्या पुढं बांगडी कशी जाते ते मी हजार वेळा बघितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, बांगडीच्या आतल्या हाताला काय वाटतं. तिसऱ्या श्वासाच्या टोकाला माझी लेक बाहेर आली आणि एवढ्या मोठ्यानं रडली, की सगळ्यांना कळंबची आठवण यावी.

बीपी हळूहळू उतरला. सिस्टर मला पुसत होती तेव्हा मी विचारलं, “हे तुला कुणी शिकवलं?”

“कुठलं? उसिरु बिडु? ते आमच्याकडं सगळेच म्हणतात, ताई. आमच्या कस्तुराबाई मावशी होत्या ना, आया, मागच्या वर्षी रिटायर झाल्या, त्यांनी सुरू केलं. पंधरा वर्षं ह्याच खोलीत होत्या त्या. मला आधी वाटलं डॉक्टरकीतलं काही असंल.” ती हसली. “माझी मैत्रीण कळंबला बदलून गेली, आता तिकडच्या सिस्टरपण म्हणतात. अर्थ कुणाला ठाऊक नाही. पण बायकांना समजतं.”

पंधरा वर्षं. ह्या खोलीत रोज दोन-तीन बाळंतपणं धरली तरी किती झाली? मला मोजता येईना. आणि तिकडं कळंबला, माझ्या माहेरच्या गावात, माझ्या मैत्रिणी, माझ्या भावजया! कुणाच्या कानात सासूचे शब्द पडले असतील, कुणाचं लेकरू त्या श्वासावर बाहेर आलं असंल, कुणास ठाऊक. आणि ती बाई बाहेर बाकावर बसलेली, तिला ह्यातलं काही माहीत नाही!

सासू आत आली तेव्हा मी बाळ दाखवायच्या आधी हेच सांगितलं, रडत, ओरडत, लवंगीसारखं. कस्तुराबाई कोण म्हणून विचारलं. तिला नाव आठवेना. मग मी म्हणलं, इथली आया होती. तेव्हा तिनं डोळे बारीक केले.

“सव्वादोनच्या मापाचा हात. अंगठ्याला भाजल्याचा डाग,” ती म्हणाली. तिला माणसं हातांवरनंच आठवतात. “लेकीच्या चुड्याला आल्ती. लेकीचं भरून झालं तरी उठंना. तासभर माझ्याकडं बघत बसली. म्या म्हणलं, काय बघतीस बाई? तर म्हणली, ह्येच आमच्या दवाखान्यात का चालू नये?”

एवढं बोलून ती खाटेच्या कडेला बसली. दोन्ही तळहात मांडीवर उघडे ठेवून त्यांच्याकडंच बघत राहिली, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. “म्या तर नुसता माझा दमा बरा करायला गेल्ते गं,” ती म्हणाली. मी तिच्याजवळ सरकले आणि तिचे हात हातात घेतले. आयुष्यात पहिल्यांदा.

बाराव्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. पाळणा सजवला. सासूनं खणातली लाकडी डबी आणली, कापूस उलगडला आणि ती एकुलती एक काळी बांगडी बाहेर काढली. तिच्यासारखी दुसरी नाही, आणि आता होणारही नाही. मी बाळाला तिच्यासमोर धरलं. तिनं नको म्हणून मान हलवली आणि बांगडी माझ्या हातात दिली.

“तू घाल.”

“मी? अव्वा, माझ्या हातनं न्हाय. माझा हात तुम्हाला ठाऊक हाय!”

“घाल,” ती म्हणाली.

बाळाची मूठ गच्च. एवढीशी मूठ, पण काय तिचा जोर! नक्की माझ्यावर गेली होती. पाहुण्या बायका बघत होत्या, शंभुलिंग दाराशी श्वास धरून उभा. बांगडी बोटांपाशी आणली आणि थांबले. काही केलं नाही. फक्त माझा श्वास सोडला, शेवटापर्यंत, आणि पुन्हा सोडला. लेकीची छाती खाली-वर होत होती. कुठल्यातरी एका श्वासाला ती सैलावली, एकेक बोट आपोआप उलगडलं, आणि बांगडी मनगटावर जाऊन बसली.

मी वर बघितलं. सासू पदरानं डोळे पुसत होती.

“वाढली न्हाय,” ती म्हणाली.